जुने डिझेल इंजिन आणि वंगणाचा हिशेब

(घाटंजी येथे ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



घाटंजी हे वाघाडी नदीच्या काठचे गाव. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तेव्हा मासेमारी नौकेच्या इंजिनात कोणते तेल घालावे आणि ते केव्हा बदलावे, या विषयाचा घाटंजीशी संबंध काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तालुक्यातील विहिरींवर आणि नाल्यांच्या काठांवर उभे आहे. रब्बीच्या हंगामात जे जुने डिझेल इंजिन येथे पाणी उपसते, तेच किंवा त्याचेच भावंड हर्णै, मिरकरवाडा, मालवण, सातपाटी यांसारख्या बंदरांतील लहान नौकांमध्ये धडधडत आले आहे. एक गोड्या पाण्यावर राबते, दुसरे खाऱ्या पाण्यावर. परंतु दोघांच्या पोटातील लोखंड एकच, झीज एकच आणि तिच्यावरील उपायही एकच.

आणखी एक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. कोकणातील नौका जून-जुलैच्या मासेमारी बंदीत किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. विदर्भातील विहिरीवरचे इंजिनही पाऊस सुरू झाला की झाकून ठेवले जाते. म्हणजे दोन्ही इंजिने एकाच ऋतूत विश्रांती घेतात. बहुतेकांची समजूत अशी की, इंजिन झिजते ते चालताना. ते खरेच आहे. पण जुन्या इंजिनाचे नुकसान ते उभे असतानाही होत असते आणि ते टाळणे मालकाच्या हातात असते. या भाषणाचा सारा आशय त्याभोवतीच आहे.

हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. हरभरा घाट्यात आणि गहू ओंबीत असताना इंजिन जाम झाले, तर मिस्त्री मिळेपर्यंत, शाफ्ट घासून येईपर्यंत आणि नवे बेअरिंग बसेपर्यंत पीक थांबत नाही. किनाऱ्यापासून दूर गेलेल्या नौकेचे इंजिन बंद पडले, तर तेथे पिकाचा नव्हे, तांडेल आणि खलाशांच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो. दोन्ही ठिकाणी तपास केला, तर पुष्कळदा कारण तेच निघते : तेल चुकीचे होते, कमी होते किंवा वेळेवर बदललेले नव्हते.

इंजिनांचे घराणे

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालले. पुढच्या तीन दशकांत ते इंजिन लहान होत होत शेतापर्यंत आले. इंग्लंडमध्ये १९३० च्या सुमारास निघालेले ‘लिस्टर’ हे संथ गतीचे इंजिन मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेई. त्याच धर्तीची इंजिने पुढे राजकोटच्या कारखान्यांत तयार होऊ लागली आणि भारतभर पसरली. महाराष्ट्रात पुण्याला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. मिनिटाला १५०० फेरे घेणारे पाच अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे इंजिन हे पुढे मराठी शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले. १९५० नंतर पंचवार्षिक योजनांच्या काळात मासेमारी नौकांचे यांत्रिकीकरण सुरू झाले आणि शिडाच्या जोडीला डिझेल इंजिन आले.

आज चित्र पालटत आहे. विजेचे पंप तर पूर्वीच आले होते. २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेनंतर सौर पंपही शेतावर दिसू लागले आहेत. नवी डिझेल इंजिने त्यामुळे कमी घेतली जातात. म्हणूनच जी उरली आहेत ती बहुतांशी जुनी आहेत, वडिलांच्या वेळची आहेत आणि ती ज्यांच्याकडे आहेत त्यांना दुसरे साधन सहजासहजी मिळणारे नाही. जुने इंजिन टिकवणे हे या कुटुंबांच्या दृष्टीने नवे घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

तेल करते काय?

वंगणाचे काम केवळ बुळबुळीतपणा आणणे एवढेच नसते. ते शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये पातळ पडदा धरते, त्यामुळे धातू धातूला घासत नाही. पिस्टनची उष्णता ते वाहून नेते. रिंगा आणि लायनर यांमधील फट भरून दाब टिकवते. डिझेल जळताना होणारी काजळी ते आपल्या अंगात धरून ठेवते, म्हणजे ती पिस्टनच्या खाचांत साचत नाही. शेवटी, ज्वलनातून निर्माण होणारे आम्ल ते मारते आणि लोखंडाला गंज चढू देत नाही.

या पाच कामांपैकी पहिली तीन तेलाच्या घट्टपणावर अवलंबून असतात. शेवटची दोन त्यात मिसळलेल्या रासायनिक द्रव्यांवर अवलंबून असतात. डब्यावर म्हणूनच दोन वेगवेगळ्या खुणा छापलेल्या असतात. ज्याला त्या दोन खुणा वाचता येतात त्याला दुकानदाराच्या सल्ल्याची फारशी गरज उरत नाही.

पहिली खूण : घट्टपणा

‘एसएई’ या अक्षरांपुढील आकडा तेलाचा घट्टपणा सांगतो, दर्जा नव्हे. ‘४०’ हे ‘३०’ पेक्षा चांगले तेल नसते. ते केवळ अधिक घट्ट असते. हा घट्टपणा तेल १०० अंश सेल्सिअसला तापवून मोजतात. त्या तापमानाला ३० क्रमांकाचे तेल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक आणि ४० क्रमांकाचे १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक या मर्यादेत असावे लागते. तुलनेसाठी सांगायचे तर साधे पाणी नेहमीच्या तापमानाला सुमारे एक सेंटीस्टोक भरते.

‘१५डब्ल्यू-४०’ किंवा ‘२०डब्ल्यू-४०’ असे दोन आकडे असले, तर ते तेल थंडीत पहिल्या आकड्याप्रमाणे पातळ राहते आणि तापल्यावर दुसऱ्या आकड्याइतका घट्टपणा टिकवते. यातील ‘डब्ल्यू’ हा हिवाळ्याचा निदर्शक आहे. हँडल मारून चालू होणाऱ्या इंजिनाच्या मालकाला याचा अर्थ लवकर कळतो. पौष महिन्याच्या पहाटे एकाच आकड्याचे ‘४०’ तेल इतके घट्ट होते की हँडल फिरवताना दम लागतो आणि पहिल्या काही फेऱ्यांत तेल बेअरिंगपर्यंत पोहोचतही नाही.

यवतमाळ जिल्ह्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा हवेत जुन्या एकसिलिंडर इंजिनाला एसएई ४० किंवा २०डब्ल्यू-४० अथवा १५डब्ल्यू-४० हे तेल सामान्यतः योग्य ठरते. थंडीच्या दिवसांत एकाच आकड्याचे तेल वापरायचे असल्यास ३० क्रमांक बरा. कोकण किनाऱ्यावर थंडी सौम्य असते, पण नौकेचे इंजिन बंद खोलीत तासन्‌तास पूर्ण भारावर चालते. तेथेही ४० चाच घट्टपणा उपयोगी पडतो. अर्थात निर्मात्याची पुस्तिका किंवा इंजिनावरील पाटी उपलब्ध असेल, तर तिच्यातील सूचनाच अखेरची मानावी.

दुसरी खूण : वर्ग

‘एपीआय’ या अक्षरांपुढे तेलाचा वर्ग दिलेला असतो. ‘एस’ने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनासाठी आणि ‘सी’ने सुरू होणारे डिझेल इंजिनासाठी असतात. ‘सी’ नंतरचे अक्षर जसजसे पुढे जाते, तसतसे तेल अलीकडचे. सीडी हा वर्ग १९५५ मधला, सीएफ-४ हा १९९० मधला, सीआय-४ हा २००२ मधला आणि सीके-४ हा २०१६ च्या अखेरीचा आहे.

विहिरीवरचे किंवा लहान नौकेतले जुने इंजिन ज्या काळात तयार झाले, त्या काळी सीसी किंवा सीडी वर्गाचे तेल पुरेसे मानले जाई. आज बाजारात सीएफ-४ किंवा सीआय-४ वर्गाचे तेल सहज मिळते आणि ते या इंजिनांना चालते. सर्वांत नवा वर्ग प्रामुख्याने धुराच्या नळीत गाळणी असलेल्या आधुनिक इंजिनांच्या गरजेतून निघाला. जुन्या इंजिनाला त्यापासून विशेष लाभ नाही. महाग डब्याच्या किमतीत साधे तेल एकदा अधिक बदलता आले, तर इंजिनाचे भले अधिक होते.

केवळ ‘एस’ वर्गाची खूण असलेले, म्हणजे मोटारसायकलचे उरलेले तेल डिझेल इंजिनात ओतण्याची चूक मात्र करू नये. त्यात काजळी धरून ठेवण्याची ताकद डिझेलच्या मानाने कमी पडते.

बंदरावर आणखी एक घोटाळा होतो. डब्यावर ‘मरीन’ हा शब्द दिसला की ते तेल नौकेसाठीच, असे समजले जाते. पण या नावाने मिळणारी काही तेले मोठ्या जहाजांसाठी केलेली असतात. ती जहाजे गंधकयुक्त जड इंधन जाळतात, म्हणून त्यांच्या तेलात आम्ल मारणारे क्षारद्रव्य भरपूर असते. पंपावरचे साधे डिझेल जाळणाऱ्या लहान नौकेत हे जादा द्रव्य जळून पिस्टनवर राखेचा थर चढवते. अशा नौकेला ट्रक किंवा ट्रॅक्टरला चालणारे चांगले डिझेल इंजिन तेलच योग्य असते. नौकेच्या गिअरपेटीचे तेल वेगळे असू शकते, ते पाहून घ्यावे.

जुन्या इंजिनाच्या सवयी

नव्या इंजिनात तेलाचा पंप असतो, गाळणी असते. संथ गतीच्या अनेक जुन्या इंजिनांत यांतले काही नसते. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक लहानसा चमचा असतो. तो प्रत्येक फेऱ्याला तळाच्या तेलात बुडतो आणि तेल उडवतो. त्या शिंतोड्यांवरच सारे इंजिन जगते. म्हणून अशा इंजिनात तेलाची पातळी अतिशय महत्त्वाची असते. पातळी दोन बोटे खाली गेली की चमचा कोरडा फिरतो. फार वर गेली की तेल पिस्टनच्या वर चढून जळते आणि निळा धूर निघतो. इंजिन सपाट जागेवर आणि काही मिनिटे बंद ठेवून मगच डिपस्टिक पाहावी. नौकेत ती पाणी शांत असताना, नौका कोणत्याही अंगावर कललेली नसताना पाहावी.

गाळणी नसलेल्या इंजिनाबद्दल मिस्त्रींमध्ये नेहमी एक वाद असतो. जुने साधे तेल घाण तळाशी बसू देई. आजचे धुणारे तेल ती आपल्यात तरंगत ठेवते आणि बेअरिंगपर्यंत नेते, म्हणून नवे तेल वाईट, असे काहींचे म्हणणे. त्यात तथ्याचा अंश आहे. पण त्याचा निष्कर्ष नवे तेल टाळावे असा नसून, ते लवकर बदलावे असा आहे. तरंगणारी घाण तेलाबरोबर बाहेर पडते; तळाशी बसलेली घाण आतच राहते.

वर्षानुवर्षे साध्या तेलावर चाललेल्या इंजिनात पहिल्यांदाच धुणारे तेल घातले, तर जुना चिखल सुटून येतो. म्हणून तसे करण्यापूर्वी तळ उघडून, न तंतू सोडणाऱ्या कापडाने पुसून घ्यावा आणि पहिले तेल नेहमीच्या निम्म्या तासांतच काढून टाकावे. पुसण्यासाठी चोथा वापरू नये. त्याचे धागे तेलाचा मार्ग अडवतात.

आणखी एक खेडवळ उपाय सर्वत्र चालतो. इंजिन धूर टाकू लागले की त्यात गिअरपेटीचे ‘नव्वद नंबर’ तेल ओततात. नव्वद हा आकडा फसवा आहे. गिअर तेलाची मोजपट्टीच निराळी; त्यातील ९० म्हणजे इंजिन तेलातील ४० किंवा ५० च्या आसपासचाच घट्टपणा. शिवाय त्या तेलात काजळी धरणारे द्रव्य नसते आणि त्यातील काही गंधकयुक्त द्रव्ये पितळी बुशांना खाऊ शकतात. धूर काही दिवस कमी दिसतो, रोग तसाच राहतो. रिंगा गेल्या असतील तर रिंगाच बदलाव्या लागतात.

तासांचा हिशेब

तेल केव्हा बदलावे, याचे उत्तर महिन्यांत देता येत नाही. ते तासांत द्यावे लागते. साधारण मर्यादा अशी सांगता येईल : शिंतोड्यांवर चालणाऱ्या, गाळणी नसलेल्या जुन्या इंजिनाचे तेल १०० ते १५० तासांनी, पंप व गाळणी असलेल्या इंजिनाचे २०० ते २५० तासांनी, गाळणीसह, आणि नव्या रिंगा-लायनर बसवलेल्या इंजिनाचे पहिले तेल २५ ते ५० तासांतच. तास पूर्ण झाले नाहीत तरी वर्षातून एकदा बदल हा झालाच पाहिजे.

हे तास किती लवकर भरतात, ते पाहण्यासारखे आहे. रब्बीत रोज पाच तास असे शंभर दिवस इंजिन चालले, तर ५०० तास होतात. म्हणजे गाळणी असलेल्या इंजिनाला हंगामात दोन बदल, गाळणी नसलेल्याला चार. नौकेचे इंजिन रोज बारा तास, महिन्याला वीस दिवस चालले, तर २४० तास एका महिन्यातच भरतात; तेथे दर महिन्याला बदल हवा. अडीचशे तास हे ऐकायला थोडे वाटतात. पण ताशी चाळीस किलोमीटर वेगाने धावणारी जीप तेवढ्या वेळात दहा हजार किलोमीटर कापते. जीपचे तेल दहा हजारांवर न बदलणारा चालक कोणत्याही कार्यालयात कानउघाडणी ऐकून घेतो. विहिरीवरच्या इंजिनाला मात्र कोणी विचारत नाही.

शासकीय वाहनाला लॉगबुक असते. इंजिनाला तासमापक नसेल तर शेतकऱ्याने तास कसे मोजावे? त्याला सोपा मार्ग आहे. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला एक लिटर किंवा थोडे अधिक डिझेल पिते. म्हणजे डिझेलचे लिटर हेच त्याचे तास. दहा लिटरचा कॅन आणला की इंजिनाच्या खोलीच्या भिंतीवर खडूने एक रेघ मारावी. गाळणी नसलेल्या इंजिनाला दहा-बारा रेघांनी आणि गाळणी असलेल्याला वीस रेघांनी तेल बदलावे. लिहिता न येणाऱ्यालाही हा हिशेब ठेवता येतो.

जुने इंजिन तेल खाते, म्हणून मधूनमधून भर घालावी लागते. काहींना वाटते की अशी भर पडत असल्यामुळे तेल आपोआपच नवे होत राहते. भर घालणे म्हणजे बदल नव्हे. जळते ते तेल. काजळी आणि धातूचा चुरा मागेच राहतो.

डिझेल सुधारले, म्हणून काय झाले?

एका बाबतीत काळ खरोखरच बदलला आहे. १९९५ च्या सुमारास भारतीय डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शके. जळताना त्याचे आम्ल होई आणि तेच तेलात उतरे. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये ती दशलक्ष भागांत दहा भाग इतकी झाली. म्हणजे गंधक हजार पटीने घटले. जुन्या पुस्तिकांमध्ये तेल वारंवार बदलण्याचे एक मोठे कारण हे आम्ल होते आणि ते आता जवळजवळ नाहीसे झाले आहे.

मग बदलाचे तास वाढवावेत काय? नौकेच्या किंवा शेतीच्या जुन्या इंजिनाबाबत तसे करणे धोक्याचे आहे. काजळी तशीच होते. झिजलेल्या नोझलमधून न जळलेले डिझेल तेलात उतरते. काळ्या मातीच्या धुराळ्यात उभ्या असलेल्या इंजिनात हवेबरोबर धूळ शिरते. समुद्रावर ओलसर हवा आणि थंड करणाऱ्या पाण्याची गळती असते. गंधक गेले, ही चार कारणे राहिली. त्यामुळे जुनाच तासांचा नियम पाळावा. फक्त अधिक क्षारद्रव्याच्या खास तेलासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण उरलेले नाही.

रंग फसवतो

‘तेल अजून काळे झालेले नाही’ किंवा ‘कालच घातले आणि काळे पडले’ अशी दोन्ही वाक्ये ऐकू येतात. डिझेल इंजिनात चांगले तेल काही तासांतच काळे होते. काजळी पोटात घेण्याचे आपले काम ते करीत असते. काळा रंग ही तक्रार नव्हे. खऱ्या तक्रारीच्या खुणा वेगळ्या आहेत. तेल ताकासारखे पांढरट झाले असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. हेडचे गॅसकेट किंवा लायनरचे रबरी कडे पाहावे. भर न घालता पातळी वाढली असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर नोझल गळते आहे. चिमटीत चोळल्यावर कणकण लागत असेल, तर धूळ किंवा धातूचा चुरा आहे. या तिन्ही वेळी तास न मोजता तेल काढून टाकावे आणि कारण दुरुस्त करावे. नुसते तेल बदलून भागत नाही.

दोन सोप्या परीक्षा येथे उपस्थित असलेल्या शिक्षकांना शाळेतही दाखवता येतील. पहिली टीपकागदाची. गरम इंजिनातील तेलाचा एक थेंब टीपकागदावर सोडून तो रात्रभर आडवा ठेवावा. डाग सर्वत्र सारखा करडा पसरला, तर तेलात काजळी धरण्याची ताकद शिल्लक आहे. मध्यभागी दाट काळा ठिपका आणि त्याभोवती स्पष्ट कडे उमटले, तर ती ताकद संपली. बाहेर फिकट, तेलकट वलय फार रुंद असेल, तर डिझेल मिसळल्याची शंका घ्यावी. दुसरी परीक्षा पाण्याची. चांगल्या तापलेल्या लोखंडी पत्र्यावर एकच थेंब टाकावा. तडतडला तर तेलात पाणी आहे. ही परीक्षा मोठ्या माणसाने, विस्तवावरून उतरवलेल्या पत्र्यावर आणि डोळे दूर ठेवून करावी. सातवी-आठवीच्या मुलाने घरच्या इंजिनाच्या तेलाचा डाग वर्गात आणला, तर विज्ञानाचा पाठही होतो आणि घरच्यांना इशाराही मिळतो.

विश्रांतीपूर्वीची आंघोळ

आता मुख्य मुद्दा. पावसाळा लागला की इंजिनावर पोते किंवा ताडपत्री टाकली जाते आणि दिवाळीच्या सुमारास ते पुन्हा उघडले जाते. त्या वेळी पुष्कळजण नवे तेल घालून हंगामाची सुरुवात करतात. हेतू चांगला, पण वेळ चुकलेली असते. मळलेल्या तेलात आम्ल, काजळी आणि पाण्याचा अंश असतो. हे तेल पोटात घेऊन इंजिन तीन-चार महिने दमट हवेत उभे राहते. बेअरिंगच्या मऊ धातूवर, शाफ्टच्या गुळगुळीत पृष्ठावर आणि लायनरच्या भिंतीवर त्या काळात बारीक खड्डे पडतात. दिवाळीनंतर कितीही उंची तेल घातले, तरी ते खड्डे भरून येत नाहीत.

म्हणून तेल बदलावे ते इंजिन झोपी जाण्यापूर्वी. जागे झाल्यावर नव्हे. हंगामाचे शेवटचे पाणी दिल्यावर, इंजिन गरम असतानाच खालचा नट काढून तेल सोडावे. गरम तेल आपल्याबरोबर घाण घेऊन येते. नौकेत खाली भांडे ठेवायला जागा नसते, तेथे हातपंपाने तेल ओढून काढावे. नवे तेल भरून इंजिन पाच-दहा मिनिटे चालवावे, म्हणजे स्वच्छ तेलाचा थर सर्व भागांवर चढतो. नंतर थंड करणारे पाणी पूर्ण सोडून द्यावे. धुराच्या नळीचे तोंड बांधावे. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, इंजिन चालू न करता, हँडलने चार-सहा फेरे द्यावेत. कोकणातील जाणता तांडेल नौका शाकारताना हे करतो. विहिरीवरही तेच लागू आहे.

हे तेल न चालता तीन-चार महिने राहिले, तर वाया जाते का? नाही. पुढील हंगामात पातळी आणि रंग पाहून, पाणी शिरलेले नाही याची खात्री करून तेच चालवता येते. म्हणजे या नियमाने खर्च वाढत नाही, केवळ बदलाचा दिवस अलीकडे येतो.

तेल खरेदी करताना डबा सीलबंद आहे, त्यावर वर्ग, घट्टपणा, तुकडी क्रमांक व तारीख स्पष्ट छापलेली आहे, हे पाहावे. सुटे तेल घेऊ नये. रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे. नाहीतर तोच डबा गाळलेले जळके तेल भरून पुन्हा दुकानात येऊ शकतो.

काढलेल्या तेलाचे काय?

आतापर्यंतचे सर्व मालकाच्या हिताचे होते. शेवटचा भाग गावाच्या हिताचा आहे. जळके तेल बहुधा विहिरीच्या काठावरच ओतले जाते. जी विहीर पाजते तिच्याच कडेला हे होते. तेलाचा पातळ थर पाण्यावर दूरवर पसरतो, मातीतून झिरपतो आणि वास व चव बिघडवतो. त्यात धातूचे अंश आणि त्वचेला अपायकारक, कर्करोगास कारण होऊ शकणारी द्रव्ये असतात. वाळवीसाठी लाकडाला, डासांसाठी डबक्यात, जनावरांच्या खरजेवर असे त्याचे घरगुती उपयोग पूर्वापार चालत आले आहेत; ते सर्व सोडून देण्याजोगे आहेत. हात तेलाने माखले असतील तर साबणाने धुवावेत, रॉकेलने नव्हे.

वापरलेले तेल हे २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. त्या नियमांत २०२३ मध्ये सुधारणा झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आली आहे. जळके तेल शुद्ध करून त्याचे पुन्हा वंगण बनवता येते. म्हणजे ती टाकाऊ नव्हे, विक्रीयोग्य वस्तू आहे. परंतु एका शेतकऱ्याचे चार लिटर घेण्यासाठी कोणी घाटंजीपर्यंत येणार नाही. पंचायतीने गावातील गॅरेज किंवा पिठाच्या गिरणीजवळ, छपराखाली, झाकणाचे एक पिंप ठेवले आणि दोनशे लिटर जमले की ते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राला दिले, तर प्रश्न सुटतो. पाणी, रॉकेल किंवा ब्रेकचे तेल त्या पिंपात जाऊ नये, एवढी दक्षता घ्यावी. मच्छीमार सहकारी संस्थांना बंदरावर हीच व्यवस्था करता येते.

ग्रामसभेसाठी एक काम

या भाषणातून एकच गोष्ट गावी न्यायची असेल, तर ती अशी : जुन्या इंजिनाला महाग तेल नको, योग्य तेल वेळेवर हवे, आणि वर्षातील सर्वांत महत्त्वाचा बदल पावसाळ्यापूर्वीचा.

ग्रामसेवकाने मे महिन्यातील ग्रामसभेत हा विषय पाच मिनिटांसाठी ठेवला, शिक्षकाने टीपकागदाचे डाग भिंतीवर लावले, पंचायत सदस्याने पिंपाची जागा ठरवली, तर यासाठी वेगळा निधी किंवा वेगळी योजना लागणार नाही. मृगाचा पहिला पाऊस येण्यापूर्वी विहिरीवरच्या प्रत्येक इंजिनाचे तेल बदललेले असावे आणि खोलीच्या भिंतीवरील खडूच्या जुन्या रेघा पुसून तेथे नव्या हंगामासाठी जागा मोकळी असावी. दिवाळीनंतर पहिल्या हँडलला इंजिन चालू झाले, की त्या पुसलेल्या रेघांचा अर्थ सर्वांना समजेल.